रस्त्याकडेची नाली कुणाची?

रस्ता उखडला की आपण डांबराला नावं ठेवतो, ठेकेदाराला ठेवतो आणि शेवटी सरकारला ठेवतो. त्यात पुष्कळदा तथ्यही असतं. पण श्रोतेहो, आज मला डांबराबद्दल बोलायचं नाही. डांबराच्या कडेला मुरमाची साइडपट्टी असते आणि साइडपट्टीच्याही पलीकडे एक उथळ, गवत वाढलेली, खोलगट पट्टी असते. आमच्याकडे तिला नाली म्हणतात, कुणी चारी म्हणतात, सरकारी अंदाजपत्रकात तिचं नाव 'साइड गटार' असतं. तिच्यात गुरं उतरतात, पोरं उड्या मारतात, लग्नसराईत मोटारसायकली उभ्या राहतात. वर्षातले आठ महिने ती कोरडी असते, त्यामुळे ती कशासाठी आहे हेच आपण विसरतो. मग आषाढातल्या एखाद्या रात्री ती आपली आठवण करून देते.

मी उंद्रीचा. बुलढाणा जिल्हा, चिखली तालुका. चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारं हे गाव. याला उदयनगर असंही म्हणतात, पण म्हातारी माणसं अजून उंद्रीच म्हणतात आणि मीही आता त्यांच्यातच मोडतो. शाळेतली नोकरी संपल्यापासून मी पूर्णवेळ वावरात असतो. गावातून शिवाराकडे जाणाऱ्या एका डांबरी रस्त्याला माझ्या वावराची एक अख्खी बाजू लागून आहे. म्हणजे रस्ता सरकारचा, वावर माझं, आणि मधली नाली कुणाची, हा प्रश्न माझ्या रोजच्या येण्याजाण्यातला आहे.

आधी थोडा हिशोब करू. मी गणित शिकवायचो, ती खोड जात नाही. आमच्या घाटावरच्या भागात वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हा काहीच नाही. पण तो वाटून पडत नाही, एकदम कोसळतो आणि मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं त्या मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतं. आता सात मीटर रुंदीचा, एक किलोमीटर लांबीचा डांबरी रस्ता घ्या. डांबर काही पाणी पीत नाही. ६५ मिलिमीटर पावसात त्या एका किलोमीटरवर ४५५ घनमीटर पाणी जमा होतं, म्हणजे साडेचार लाख लिटर. दहा हजार लिटरचे पंचेचाळीस टँकर झाले. एप्रिल-मे महिन्यात एका टँकरमागे अख्खी आळी घागरी घेऊन धावते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पंचेचाळीस टँकर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि हे झालं फक्त रस्त्याच्या अंगावरचं पाणी. वरच्या बाजूच्या वावरांचं पाणी याच नालीत उतरतं. एका हेक्टरवर ६५ मिलिमीटर म्हणजे साडेसहा लाख लिटर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं समजलं तरी सव्वातीन लाख लिटर राहतं, तेही एकाच हेक्टरचं. आता तर सोयाबीनसाठी आपण रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरणी करतो. पद्धत चांगलीच आहे. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, पिकाची मुळं गुदमरत नाहीत. पण सरीतून निघालेलं ते पाणी पुढे जातं कुठे? धुऱ्यापर्यंत, आणि धुऱ्यावरून नालीत. पेरणीच्या शिबिरात सरी कशी पाडायची ते सगळे सांगतात. सरीच्या शेवटी काय, हे फार थोडे सांगतात.

आमच्या काळ्या मातीचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जावा. पहिले एक-दोन पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. पण एकदा माती फुगली, भेगा मिटल्या, की पाणी आत शिरायला जवळजवळ तयारच नसतं. अशी ओली काळी माती वजन पेलत नाही. बंडीचं चाक कसं रुततं ते आपण पाहतो. आपला डांबरी रस्ता पुष्कळ ठिकाणी याच मातीवर उभा असतो. नालीत पाणी तुंबलं की ते आडवं झिरपत रस्त्याच्या पोटात जातं, खालची माती मऊ होते, आणि वरून उसाचा किंवा मुरमाचा भरलेला ट्रॅक्टर गेला की डांबर आत दबतं, फाटतं. खड्डा वरून पडलेला दिसतो, पण त्याची सुरुवात खालून झालेली असते.

जॉन मॅकॅडम नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याचं सांगणं असं, की गाड्यांचा भार शेवटी खालची जमीनच पेलते. ती कोरडी ठेवा, मग ती कितीही भार घेईल. वरचा खडीचा थर म्हणजे फक्त तिच्यावरचं छप्पर आहे. ठेकेदारांच्या तोंडी जो 'डब्ल्यूबीएम' असतो, त्यातला शेवटचा 'एम' म्हणजे हा मॅकॅडम. आपण त्याचं नाव घेतलं, खडी घेतली, पण 'कोरडं ठेवा' हा भाग मात्र वाऱ्यावर सोडला. चांगल्या रस्त्याची पाठ मधोमध किंचित उंच असते, मीटरमागे अडीच-तीन सेंटिमीटर उतार कडेला दिलेला असतो. तो उतार पाणी नालीच्या काठापर्यंत आणून सोडतो. पुढचं काम नालीचं. तीच बुजली असेल तर इंजिनिअरने दिलेला उतार फुकट गेला.

नाली बुजते कशी? एका दिवसात कुणी बुजवत नाही. सोयाबीन काढलं की कुटाराचा ढीग टाकायला ती जागा सोयीची असते. कुणी पऱ्हाटी रचून ठेवतो. कुणाच्या शेणखताचा उकिरडा हळूहळू रस्त्याकडे सरकतो. घर बांधताना उरलेली वाळू-गिट्टी तिथे पडते आणि दोन वर्षं पडून राहते. केबल टाकणारे येतात, नालीच्या तळातूनच चर खणतात, माती वर टाकतात आणि निघून जातात. ती माती पहिल्या पावसात पुन्हा नालीत बसते. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढतो, रस्ता उंच होत जातो आणि साइडपट्टीचा मुरूम घसरत नालीत येतो. पण या सगळ्यांहून मोठं कारण एकच आहे, ते म्हणजे वावरात किंवा घरात शिरायची वाट. ट्रॅक्टर आत न्यायचा म्हणून आपण दोन ट्रॉल्या मुरूम टाकतो आणि नाली भरून रस्ता करतो. खाली नळ टाकायचा राहून जातो, किंवा टाकला तर सहा इंची पाइपाचा तुकडा टाकतो.

आमच्याच रस्त्यावरची एक गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, कारण सगळे आपलेच आहेत. माझ्या वावराच्या खालच्या अंगाला एका तरुण शेतकऱ्याचं वावर आहे. मी त्याला शाळेत शिकवलं. हार्वेस्टर आत नेता यावा म्हणून त्याने उन्हाळ्यात नालीवर चांगली बारा फूट रुंद वाट भरली. नळ नाही. जुलैत दोन दिवस झड लागली. वरून आलेलं पाणी त्या भरावाला अडलं, साइडपट्टी ओलांडून रस्त्यावर चढलं आणि रस्त्यावरून पलीकडे उतरलं. पलीकडे आमच्या एका काकूंचं दोन एकर वावर. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच शेती पाहतात. बियाणं आणि खत त्या वर्षी उधारीवर आणलेलं. आठ दिवस त्या वावरातून पाणी हललं नाही. सोयाबीन आधी पिवळं पडलं, मग मुळं कुजली. दोन एकरांतलं निम्म्याहून जास्त पीक गेलं. रस्त्याचंही तेच, जिथून पाणी ओलांडलं तिथलं डांबर पोळीच्या पापुद्र्यासारखं सुटलं आणि दिवाळीपर्यंत तिथे गुडघाभर खड्डा होता.

भांडण झालंच. काकू रस्त्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "पानी काही माह्या वावरात पाहुनं म्हनून आलं नव्हतं बाप्पा, त्याले कोनंतरी वाट दाखोली." तो म्हणाला, "मंग हार्वेस्टर काय मी डोक्यावरून नेऊ?" खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. वाट नसेल तर शेती कशी करायची? आणि पाण्याला वाट नसेल तर त्याने जायचं कुठे? पोरगा स्वभावाने वाईट नव्हता. तो फक्त आपल्या वावराच्या हद्दीपर्यंतच विचार करत होता, आणि पाण्याला सात-बारा वाचता येत नाही.

लोक म्हणाले, तहसीलला अर्ज करा. त्याची सोय कायद्यात आहे आणि ती जुनी आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा. शेतजमिनीवरून शेजारच्या जमिनीकडे स्वाभाविकपणे वाहणारं पाणी कुणी अधिकाराशिवाय अडवलं आणि त्यामुळे जमिनीचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल, तर तो अडथळा काढून टाकायला लावण्याचा अधिकार या कायद्याने तहसीलदारांना दिला आहे. मात्र दाद सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आपल्याकडे लोक पहिले सहा महिने एकमेकांशी न बोलण्यात घालवतात आणि सातव्या महिन्यात वकील गाठतात. गावठाणातल्या रस्त्यावरचं अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं ५३ वं कलम आहे. सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा काढायचा अधिकार त्यात पंचायतीला आहे. ती तो किती वेळा वापरते हे विचारू नका. सरपंचालाही त्याच गल्लीत मतं मागायची असतात.

काकूंनी अर्ज केला नाही. पोराने मध्यस्थामार्फत काही पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. "पैशे नको, नळ टाक," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्याने भराव उकरून सिमेंटचे नळ बसवले, दीड फूट व्यासाचे. भाड्याच्या ट्रॅक्टरचा खर्च रस्त्यावरच्या आम्ही चौघांनी वाटून घेतला. पीक गेलं ते गेलंच, आणि उधारी फेडायला काकूंना एक म्हैस विकावी लागली. दोघं अजून एकमेकांच्या घरी जात नाहीत. पण पाणी जातं.

नळाच्या मापाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण इथे सगळ्यांची फसगत होते. सहा इंची नळाच्या जागी बारा इंची नळ टाकला तर पाणी दुप्पट जाईल असं आपल्याला वाटतं. तसं नाही. व्यास दुप्पट झाला की तोंडाचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि घर्षण कमी पडत असल्यामुळे त्याच उतारावर भरून वाहताना पाणी सुमारे सहापट जातं. म्हणजे सहा इंची नळ टाकून वाचवलेले पैसे ही बचत नव्हेच. शिवाय लहान नळात एक पॉलिथिनची पिशवी आणि मूठभर काड्या अडकल्या की तो बंद. माझ्या मते शेताच्या वाटेखाली एक फुटापेक्षा लहान नळ टाकूच नये, आणि जमलं तर दीड फुटाचा टाकावा. नळाचा तळ नालीच्या तळाशी जुळला पाहिजे. अनेक ठिकाणी नळ चार बोटं वर बसवलेला दिसतो. मग त्याच्यामागे कायमचं डबकं.

आता हक्काचा आणि जबाबदारीचा प्रश्न. नाली रस्त्याच्या हद्दीत असते, म्हणजे ती रस्ता ज्याचा त्याची. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावातले अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे. किलोमीटरचा दगड पाहिला तरी थोडं कळतं: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तिच्यातल्या रस्त्यांची पहिली पाच वर्षं देखभाल करणं ठेकेदारावर बंधनकारक असतं. रस्त्यावरच्या फलकावर ते लिहिलेलं असतं, वाचत जा. तेव्हा रीतसर उत्तर द्यायचं तर नाली साफ करणं आपलं काम नाही. आपलं काम ती न बुजवणं.

पण रीतसर उत्तरावर पीक येत नाही. पूर्वी बांधकाम खात्याचे मैलकामगार असायचे, रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांच्याकडे असायचा. फावडं-घमेलं घेऊन साइडपट्टी भरणं, नाली उकरणं हे ते वर्षभर करायचे. ती माणसं निवृत्त झाली आणि काम यंत्रांकडे आणि ठेक्याकडे गेलं. ठेका निघेपर्यंत मृग लागलेला असतो. म्हणून माझ्या वावराच्या बाजूची नाली मी स्वतः पाहतो. सरकारवर उपकार म्हणून नाही. ती तुंबली तर पहिलं पाणी माझ्याच धुऱ्यातून आत येतं.

बाहेरच्या देशांत याची रीत काय? इंग्लंडमध्ये रस्त्याकडेची चारी बहुतेक वेळा लगतच्या जमीनमालकाची मानली जाते आणि ती वाहती ठेवणं त्याच्याच अंगावर असतं. हॉलंडमध्ये तर देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. तिथे मध्ययुगापासून पाणीमंडळं आहेत. लोक निवडून देतात, कर भरतात. दर शरद ऋतूत मंडळाची माणसं चाऱ्यांची तपासणी करत फिरतात. या तपासणीला तिथे 'स्खाऊ' म्हणतात. ज्याच्या जमिनीलगतची चारी गवताने भरलेली दिसेल त्याला नोटीस, आणि तरी त्याने साफ केली नाही तर मंडळ साफ करून घेतं आणि बिल त्याच्या नावावर फाडतं. हे ऐकून कुणी म्हणेल, ते लोक वेगळे. पण आपल्या धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालली. बंधाऱ्यावरून निघणारा पाट हंगामाआधी सगळ्या लाभधारकांनी मिळून साफ करायचा, पाणी वाटायला पाटकरी नेमायचा. ती माणसं काही हॉलंडहून आलेली नव्हती. येणारं पाणी वाटून घेण्यासाठी आपण एकत्र आलो. जाणारं पाणी वाटून घ्यायला मात्र आपल्याला जमलं नाही, कारण जाणाऱ्या पाण्यावर कुणी हक्क सांगत नाही.

आमच्या जिल्ह्याने पाण्याचं मोठं काम केलेलं नाही असंही नाही. २०१८ च्या आसपास महामार्गांची कामं चालू असताना त्यांना लागणारी माती आणि मुरूम डोंगर फोडून न आणता तलाव, नाले खोल करून काढायचा, असं ठरलं. रस्त्याला भराव मिळाला, गावाला साठा मिळाला. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून त्याचं देशभर नाव झालं. ते योग्यच झालं. पण त्याच रस्त्यांच्या कडेची नाली दोन-तीन वर्षांत बुजली तर तिची बातमी होत नाही. नाली इतकी लहान गोष्ट आहे की तिथे फीत कापायला दोन माणसं समोरासमोर उभी राहू शकत नाहीत. गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं तेव्हा आमच्याकडच्या गावोगावी नाल्या आरशासारख्या झाल्या होत्या. तपासणी समिती येणार म्हटलं की पहाटे चारला फावडी वाजायची. समिती येऊन गेली की फावडी पुन्हा माळ्यावर.

मी काय करतो ते सांगतो. यात शास्त्र थोडं आहे, सवय जास्त. नाली कोरडी असताना नुसती पाहून काही कळत नाही. म्हणून पहिला चांगला पाऊस झाला की छत्री घेऊन मी वरच्या टोकापासून खालच्या मोरीपर्यंत चालत जातो. बायको म्हणते, "या वयात भिजायला जाता." जिथे पाणी थांबलेलं दिसेल तिथे एक खुंटी ठोकतो, जिथे ते फार जोरात धावून तळ खरवडतं तिथे दुसऱ्या रंगाची. पाऊस उघडला की फक्त खुंट्यांच्या जागी काम. अख्खी नाली उकरायची गरज क्वचितच पडते.

गाळ काढायचा तो खालच्या टोकाकडून वर, कधीही वरून खाली नाही. वर उकरत आणलं तर सुटलेला गाळ पुढच्या पावसात खाली जाऊन बसतो आणि मोरीचं तोंड आधी बंद होतं. उतार शंभर फुटांना सहा इंच मिळाला तरी पुरतो. तो पाहायला गवंड्याकडची पारदर्शक नळी पाणी भरून वापरावी; डोळ्यावर विश्वास ठेवू नये. डोळ्याला जो उतार वाटतो तो पुष्कळदा चढ असतो, हे मी या नळीमुळेच शिकलो. काढलेला गाळ काठावर ठेवू नये, वावरात टाकावा. तो वरच्या वावरांतून वाहून आलेला मातीचा साय असतो, उकिरड्यापेक्षा वाईट खत नाही. मात्र रस्त्याकडेच्या गाळात काच आणि प्लॅस्टिक असतं, ते आधी वेचायचं.

जेसीबीबद्दल माझं मत चांगलं नाही, निदान नालीच्या कामापुरतं. तासाभरात तो तीन फूट खोल, उभ्या भिंतींची खाई खणून देतो. दिसायला काम मोठं दिसतं. पण काळ्या मातीची उभी भिंत टिकत नाही. एका पावसाळ्यात ती ढासळते, सोबत साइडपट्टी घेऊन जाते, कधी विजेचा खांब कलतो, कधी कुणाची पाइपलाइन तुटते. रात्री मोटारसायकल त्या खाईत गेली तर माणूस सापडायलाही सकाळ होते. नाली असावी पसरट, परातीसारखी. गुरू उतरलं तर चढून येईल अशी. काठाचा उतार एकास तीन ठेवला तर गवत धरतं आणि विळ्याने कापताही येतं.

गवत राहू द्यायचं, ही गोष्ट लोकांना पटत नाही. नाली 'साफ' म्हणजे उघडीबोडकी, असा आपला समज. उघड्या मातीवरून पाणी धावलं की ती खरवडते, आणि तोच गाळ पुढे मोरीत बसतो. हरळीसारखं गवत नालीत सोन्यासारखं आहे. वावरात आपण जिचा जीव घ्यायला डवरे चालवतो, तीच हरळी इथे माती मुठीत धरून ठेवते. ती चार-सहा बोटं उंच राहू द्यायची, त्याहून वाढली की कापायची. बेशरम आणि गाजर गवत मात्र मुळासकट काढायचं. गाजर गवत फुलावर यायच्या आधी, आणि हातात काही तरी घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. तणनाशक मारू नये. आणि उन्हाळ्यात धुरे पेटवताना नालीतलं गवत पेटवायची जी रीत पडली आहे ती तर फारच वाईट. रस्त्याकडेची कडुनिंबं आणि चिंचा बुंध्यापासून भाजून निघतात. झाड मरतं, मग ते कापायला कुणीतरी तयारच असतो.

जिथे उतार जास्त आहे तिथे मी आडवे दगड बसवले आहेत, पायरीसारखे. मधला दगड थोडा खाली, कडेचे थोडे वर. म्हणजे पाणी मधूनच जातं, काठ कापत नाही. प्रत्येक पायरीमागे थोडा गाळ अडतो, थोडं पाणी मुरतं. मुरमाड पट्ट्यात ते चांगलं मुरतं, काळ्यात फारसं नाही. काही लोक उत्साहाने हे पाणी थेट विहिरीत सोडतात. पुनर्भरण चांगलं, पण रस्त्याच्या पाण्यात तेल असतं, टायरची घाण असते, वरच्या वावरांतली औषधं असतात. ज्या विहिरीचं पाणी आपण पितो तिच्यात ते गाळणीशिवाय सोडू नये. गावठाणातल्या नालीत तर न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणीही येतं. ते आपापल्या अंगणात शोषखड्ड्यात जिरवलेलं बरं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेतले तेव्हा उघड्या गटारांची गरजच उरली नाही आणि डासही कमी झाले. नालीत आठवडाभर पाणी थांबलं की डासांची एक पिढी तयार होते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

एक काळजी मात्र घ्यायची. रस्त्याची हद्द आपली नाही, तेव्हा नालीची दिशा बदलणं, ती खोल करणं, दगड बसवणं किंवा तिच्यावर वाट बांधणं यासाठी रस्ता ज्या खात्याचा आहे तिथल्या शाखा अभियंत्याला एक अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर येईल न येईल. पोच घरी असावी. गवत कापायला आणि पिशव्या वेचायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि शेवटी पाणी कुठे सोडतो आहोत ते पाहावं. आपल्या हद्दीतून पाणी गेलं म्हणजे काम झालं असं नव्हे. ते ओढ्याला मिळेपर्यंत त्याच्यामागे चालत जावं लागतं, मग त्यात दुसऱ्याची चार वावरं आली तरी.

२०२३ च्या जुलैत आमच्या जिल्ह्यात घाटाखाली, संग्रामपूर आणि जळगाव जामोदकडे, एका दिवसात एवढा पाऊस झाला की वावरंच्या वावरं खरडून गेली. तसल्या पावसापुढे नालीचं काय चालणार, असं कुणी म्हणालं तर ते खरं आहे. नाली पूर थांबवत नाही. पण दर वर्षी असे पंधरा-वीस पाऊस पडतात ज्यांची बातमी होत नाही, पंचनामा होत नाही, भरपाई मिळत नाही. आणि तेच थोडं थोडं करून वावराचा कोपरा चिबडवतात आणि रस्त्याची कड खातात. नालीची लढाई त्या पावसांशी आहे.

या वर्षी आमच्या रस्त्यावर मी धरून सहा जणांनी ठरवलं आहे, रोहिणी लागायच्या आधीचा एक रविवार द्यायचा. पोरगा आपला ट्रॅक्टर देणार आहे. काकूंनी, ट्रॅक्टर कुणाचा ते माहीत असूनही, सगळ्यांच्या चहाचं आपल्याकडे घेतलं आहे. खालच्या मोरीचे दोन नळ अजून अर्धे बुजलेले आहेत. त्यांच्यात माणूस शिरू शकत नाही, म्हणून लांब बांबूला जुनं फावडं बांधून गाळ ओढावा लागेल. बांबू मी आणून ठेवला आहे.